माझी गाठ परत द्या

शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षरही वाईट आहे, ओळ सरळ जात नाही. तसं हे वाचणारं कुणी नाही. मुलगी इथल्या तमिळ शाळेत शिकली, तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आमचे मालक हिशेबाशिवाय काही वाचत नाहीत. म्हणून लिहिते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कागदासमोर निघतो.

ती खोली थंडगार होती. पेरुंगुडीला संशोधनाची मोठी संस्था आहे, सगळी काचेची, तिथली. लांब टेबल. भोवती डॉक्टर, दोन-तीन परदेशी पाहुणे. मला टेबलाच्या टोकाला बसवलं. खुर्चीला चाकं होती. मी बसले तशी ती मागे सरकली. कुणीतरी हसलं. मीही हसले. काय करणार.

मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे हात केला. मग अभ्यासाचं काम बघणाऱ्या मॅडम माझ्या मागे आल्या. त्यांनी माझ्या पदराची पिन काढली. टेबलावर ठेवली. पदर खांद्यावरून खाली ओढला, ब्लाऊजचा गळा बोटाने बाजूला केला.

"मान वळव," मराठीत म्हणाल्या.

मी वळवली. सगळे पुरुष पुढे वाकून माझ्या मानेवरचा व्रण बघू लागले. एकाने मोबाईल वर धरला. मला कुणी विचारलं नाही. मी त्या पिनेकडे बघत राहिले. लग्नानंतर दवाखान्याशिवाय परक्या माणसासमोर माझा पदर कधी हलला नव्हता. इथे दहा जण बघत होते, आणि त्यांतला एकही जण मला बघत नव्हता.

मग दिवे मालवले. समोरच्या भिंतीवर चित्र उमटलं. काळंभोर, आणि त्यात हजारो ठिपके. हिरवे, तांबडे, निळे, पिवळे.

"ही तुझी गाठ," मॅडम म्हणाल्या. त्या खूश होत्या. मला समजावून सांगत होत्या, ते खोटं नाही म्हणणार. माझ्या मानेतून काढलेल्या गाठीचे केसाहून पातळ काप करतात. कापावर चमकणारा रंग घालतात, मशीनने फोटो काढतात, रंग धुतात, दुसरा रंग घालतात, पुन्हा फोटो. असं कितीतरी वेळा. मग सगळे फोटो एकावर एक ठेवले की अंगातले रोगाशी लढणारे शिपाई दिसतात. कोण कुठे उभा आहे, कोण कुणाच्या शेजारी आहे.

"हे हिरवे शिपाई बघ. किती आहेत. पण ते दमलेले आहेत. नुसते उभे आहेत, लढत नाहीत."

परदेशी पाहुणा म्हणाला, "ब्यूटिफुल."

तो शब्द मला येतो. मुलगी दुकानातल्या साडीला म्हणते. महिनोन्‌महिने मला ताप येत होता. रात्री घामाने अंथरूण पिळून काढावं लागत होतं. अंगावरचं मांस उतरलं होतं. आणि ते तिथे भिंतीवर ब्यूटिफुल होतं.

मी धीर केला. मॅडमना हळूच विचारलं, "मॅडम, मग रोग कुठला आहे? औषध कुठलं घ्यायचं?"

"हे औषधासाठी नाही. अभ्यासासाठी आहे."

"मग उरलेला तुकडा परत कधी मिळणार?"

मॅडमनी ते मोठ्याने तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. मोठे डॉक्टर हसले. माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, ते काय सोनं आहे परत द्यायला?"

मग टेबलच हसलं. परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. तेही हसले. त्या हसण्यात मी एका हाताने पदर ओढला, पिन उचलली. पिन लागेना.

मी विचारलं ते आमच्या घरच्या रीतीने विचारलं होतं. आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. मालक इथे तमिळ मुलखात, सौकारपेठेत आले, मी लग्न होऊन त्यांच्या मागे आले. एक खोली, खोलीत भट्टी, तेजाबाचा वास. गिऱ्हाईक जुना दागिना आणतं. त्याचा टंच काढायला, म्हणजे सोनं किती खरं ते बघायला, कोपऱ्यातून एक कण कापतात. तपासून झालं की तो कण कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतात. गिऱ्हाईक मारवाडी शेठ असो नाहीतर नाकातली मोडकी फुली घेऊन आलेली कोळीण असो. ज्याचा कण त्याला. ठेवून घेतला तर त्या माणसाला आमच्यात कुणी भट्टी भाड्याने देत नाही, मुलगीही देत नाही.

मला वाटलं, सगळीकडे असंच असतं. कुणाचं काही तपासायला घेतलं की उरलेलं परत देतात. म्हणून मी विचारलं. आणि हसं झालं.

घरी येऊन सांगितलं तर मालकही हसले. "तुझ्या मानेचा टंच काढत्यात गं. बघूया किती कॅरेट निघतंय." त्यांचं हसणं वेगळं होतं. ते हसले आणि भट्टीकडे तोंड करून बसले. भट्टी त्या दिवशी बंद होती.

आधीचं सांगते. मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बघितली. त्या वयाने माझ्या आईएवढ्या. मला "वांगम्मा, उक्कारुंग" म्हणायच्या, म्हणजे या बाई, बसा. मला तिथे कधी तू म्हणून कुणी बोललं नाही. सुईने पाणी काढून तपासलं, त्यांना क्षय वाटला. गोळ्या दिल्या. सगळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही. गाठ जरा बसली आणि पुन्हा वाढली. बाई म्हणाल्या, पूर्ण गाठ काढून खोल तपासली पाहिजे, आमच्याकडे नंबर लागायला वेळ आहे, पेरुंगुडीला अभ्यासासाठी फुकट काढतात, तिथे जा.

मी गेले. तिथे या मॅडम भेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं, मध्येच तमिळ शब्द. मला एवढा आनंद झाला! एवढ्या काचांत कुणीतरी माझ्या भाषेतलं.

"कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"खानापूर. सांगलीजवळ."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. "हां," म्हणाल्या. लांबवून. "शिक्षण?"

"चौथी."

त्यानंतर मी तुम्हीची तू झाले. त्याच बसण्यात. मी ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. गरज मला होती. त्यांनी तमिळमधला कागद वाचून दाखवला, भराभर. मी सही केली. येण्याजाण्याचं गाडीभाडं म्हणून दर खेपेला त्या पाकीट द्यायच्या. भाड्याहून जास्तच असायचं. मी घ्यायची. उपकार वाटायचे. वाकून घ्यायची.

गाठ काढली. जखम भरली. पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. खांदा खाली पडला. मॅडम म्हणाल्या, "होतं असं कधीकधी. मानेत नस असते." कधीकधी! माझं पोट हातावर आहे. सौकारपेठेतल्या गलाईच्या कामगारांना मी भाकरी करून देते. गावाकडून आलेली माणसं, त्यांना इडलीने भागत नाही. भाकरी थापता येते अजून, खांदा दुखतो. पण फळीवरचा पिठाचा डबा मुलगी काढून देते. वेणी मुलगी घालते. दोरीवर कपडे मुलगी टाकते. ती एकदा म्हणाली, "आई, तू आता माझी लहान मुलगी झालीस." मला हसू आलं नाही.

त्या थंड खोलीनंतर सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी मानेच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. तिथे नवी गाठ होती. मला माहीत होती. मी सांगितली नव्हती.

बाईंनी ती पुन्हा चाचपली. मग म्हणाल्या, "हा क्षय नसावा. गाठींचा कॅन्सर असू शकतो. औषध अगदी वेगळं. पण नक्की झाल्याशिवाय देता येत नाही. तुमची पहिली गाठ मेणात घालून ठेवलेली असेल. छोटा ठोकळा असतो. तो घेऊन कॅन्सरच्या दवाखान्यात द्या. ते त्याच्यावर तपासणी करतील. पुन्हा कापायला नको."

मी विचारलं, "ते देतील का?"

"का नाही देणार? तो तुमचा आहे."

तुमचा आहे. मी रस्त्यावर येऊन हे तीन वेळा स्वतःशी म्हटलं. तमिळमध्ये, मग मराठीत. माझा आहे. एवढं हसले सगळे, आणि तो माझाच होता.

पेरुंगुडीला गेले. दारावरच्या माणसाने बाहेरच्या बाकावर बसवलं. मॅडम जेवायला जाताना भेटल्या. "ठोकळा अभ्यासाचा आहे, असा कुणाच्या हातात देत नाहीत." पुन्हा गेले. मॅडम मीटिंगमध्ये. पुन्हा गेले. "मोठ्या डॉक्टरांना विचारते." पुन्हा. "अजून काप काढायचे आहेत, मग बघू." घरी आले की आरशात उजवी गाठ बघायची. ती थांबत नव्हती. ताप थांबत नव्हता. मॅडमना थांबायला सवड होती.

मालक म्हणाले, "मोठी माणसं हायती. भांडून काय मिळणार? आणखी चिडतील."

"चिडून काय करतील?"

"तुला मधीच सोडतील."

"सोडायला धरलंय कुठं?"

हे मी बोलले. वीस वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. मुलगी आतून म्हणाली, "सरी अम्मा!" म्हणजे बरोबर. मी तिलाही गप्प केलं. मला माझीच भीती वाटली होती.

रोज भाकरी थापताना डोक्यात एकच. ते हिरवे ठिपके. माझे शिपाई. दमलेले, उभे. कुणी त्यांना सांगतच नाही कुणाशी लढायचं. क्षयाशी की कॅन्सरशी. मीही तशीच उभी होते. बाकावर, दाराबाहेर, हातात पिशवी धरून.

मग मॅडमचाच फोन आला. आवाज गोड. "उद्या ये. डॉक्टरांना तुला बघायचं आहे." मला वाटलं, ठोकळा मिळणार. मी चांगली साडी नेसले.

छोटी खोली होती. मोठे डॉक्टर, मॅडम, आणखी दोघे. ठोकळा कुठे दिसत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "उजवीकडे नवी गाठ आली आहे ना? ती काढू. पहिली औषध घेतल्यानंतरची, ही आणखी पुढची. दोन्ही मिळाल्या की अभ्यास पुरा होतो. पैसेही जास्त मिळतील तुला. बघू दे डॉक्टरांना."

आणि हात पुढे केला. माझ्या पदराच्या पिनेकडे.

मी त्यांचं मनगट धरलं.

मी धरलं हे मला नंतर कळलं. आधी हातात त्यांची बांगडी लागली, गार. मी धरूनच राहिले.

"हात लावायचा नाही."

"काय झालं तुला?"

"आधी माझा ठोकळा द्या."

मोठ्या डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, काय म्हणते ही? मॅडम त्यांना तमिळमध्ये म्हणाल्या, "घाबरली आहे, सर. ऑपरेशनची भीती वाटते."

वीस वर्षं मी या गावात भाजी घेते, पाण्याच्या टँकरसमोर घागर घेऊन उभी राहते, मुलीच्या मास्तरणींना भेटते. मला तमिळ येतं. मॅडमना ते ठाऊक होतं. मी बोलणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. माझ्या भाषेतली एकच बाई तिथे होती, आणि तिने माझं बोलणं माझ्या देखत मोडून टाकलं.

मी तमिळमध्ये बोलले. मोठ्या डॉक्टरांकडे बघून.

"भीती वाटते असं मी म्हटलं नाही. माझ्या पहिल्या गाठीचा ठोकळा मी मागते आहे. मला कॅन्सर आहे की नाही ते त्याच्यावरून कळणार आहे. तो माझा आहे, असं सरकारी डॉक्टरबाई म्हणाल्या. तुम्ही देत नाही. माझा डावा हात गेला. उजव्यावर माझं घर चालतं. मी दुसरी गाठ देणार नाही. पहिली परत द्या."

मोठ्या डॉक्टरांनी मॅडमकडे बघून इंग्रजीत दोन शब्द टाकले आणि उठून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन शब्द! "देऊन टाका" असंच काहीतरी असणार. एवढंच लागत होतं. त्या दोन शब्दांसाठी मी उन्हात बाकावर बसले होते आणि गाठ वाढत होती.

मॅडमनी ठोकळा आणून टेबलावर आपटला. प्लास्टिकची छोटी चौकट, तिच्यात पांढरं मेण. "घे. गाडीभाड्याची पाकिटं घेताना मान खाली घालून घेत होतीस. आता तोंड फुटलं. आमचं खाऊन आमच्यावरच उलटलीस."

मी ठोकळा रुमालात बांधला. निघाले.

कॅन्सरच्या दवाखान्यात दिला. पुन्हा बोलावलं तेव्हा खिडकीतल्या तरुण डॉक्टरने तो उजेडापुढे धरून दाखवला. "अम्मा, यात काही उरलेलं नाही. काप काढून काढून संपवलंय. नुसतं मेण आहे."

"त्यांच्याकडे चित्रं आहेत," मी म्हणाले. "भिंतीएवढी. त्यात सगळं दिसतं."

"त्या चित्रांवरून आम्हाला औषध ठरवता येत नाही. त्यांनी काप ठेवून वापरलेल्या काचाही आमच्या कामाच्या नाहीत."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. माझी पूर्ण गाठ. बोराहून मोठी झालेली. सगळी ठिपके करून भिंतीवर लावली. जगातले डॉक्टर ती बघतील. तिच्यावरून कुणाला तरी शाबासकी मिळेल. आणि मला काय झालंय एवढं सांगायला तिचा कणही ठेवला नाही. एक कणही. सोनं नव्हतं म्हणून.

तिथे मी रडले. तोंडात पदर घालून रडले. आधी वाटलं मरणाच्या भीतीने रडते आहे. मग कळलं, रागाने. असा राग मला माझ्यात असेल असं वाटलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आता उजवी काढावीच लागेल. इथेच. नस जपून काढायला सांगते. पण जपूनही कधी लागते, खोटं सांगणार नाही."

"उजवाही हात गेला तर?"

"हात वाचवायला थांबलात तर जीव जाईल."

मी हो म्हटलं. पण आधी विचारून घेतलं. कोण कापणार. तुकडा कुठे जाणार. आधी माझी तपासणी, मग दुसरं काही. उरेल तो ठोकळा माझ्या हातात. बाई प्रत्येकाला "सरी" म्हणाल्या. एकदाही हसल्या नाहीत. मग त्यांनीच विचारलं, "इथेही अभ्यासवाले मागतील. देणार?"

अभ्यास वाईट आहे असं मी म्हणत नाही. दमलेल्या शिपायांना पुन्हा उठवायचं औषध कुणीतरी शोधलं पाहिजे. माझ्या मुलीच्या मानेत उद्या गाठ आली तर? पण मी ब्यूटिफुल नाही. मी बाई आहे. मला आधी बसा म्हणायचं. मला समजेल अशा भाषेत विचारायचं, आणि माझं उत्तर ऐकून घ्यायचं, बदलायचं नाही. मी बाईंना म्हणाले, "ह्या खेपेला नाही. कणही नाही."

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. रोग कुठला, अजून माहीत नाही. ताप आहेच. पीठ मळताना मध्येच खाली बसावं लागतं. मालक आता भट्टी लवकर बंद करून येतात, परात समोर घेतात. त्यांची भाकरी गोल होत नाही. कामगार म्हणतात, "मामी, आज नकाशा वाढलाय का?" मालक म्हणतात, "खा गुमान, तुमच्या गावाचाच हाय." कोण हसतं, कोण नाही.

पण मॅडमचं एक बोलणं काट्यासारखं रुतून बसलं होतं. आमचं खाऊन.

मी भाकरीच्या पैशातून बाजूला टाकू लागले. मुलगी म्हणाली, "अम्मा, ते परत कुणी मागितलेत? ते तुझ्या हक्काचे होते." डॉक्टरबाई म्हणाल्या, काही गरज नाही, औषधाला ठेवा. मालक म्हणाले, "येडी का खुळी तू? हात घालवला त्यांनी, आणि पैसे तू देणार?" सगळ्यांचं बरोबर होतं. तरी मी ऐकलं नाही. त्यांनी माझी गाठ संपवली ती मी पाकिटांच्या बदल्यात दिली होती, असं त्यांना कधीही म्हणता येऊ नये. मी विकली नव्हती. तपासायला दिली होती.

थोडे थोडे नेऊन दिले. पहिल्यांदा मॅडमनी घेतलेच नाहीत. "नाटकं करू नको." मी खाली पैसे भरायच्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसाला कळेना हे कुठल्या खात्यात घालायचं. असे पैसे परत कुणी आणून दिलेच नव्हते म्हणे. मी खिडकी सोडली नाही. मागे रांग वाढली. शेवटी त्याने वर फोन केला आणि घेतले. त्यानंतर दर वेळी घेतले.

काल शेवटचे दिले. मॅडम जिन्यात भेटल्या. "एवढा माज?" म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. मराठीत. "आणि मला तू म्हणायचं नाही."

खिडकीवर जाऊन पूर्ण रकमेची पावती घेतली. मी त्यांचं काही देणं लागत नाही. पैसे फिटले.